शुष्क चिरुटाचे पुनरार्द्रीकरण : पान, पाणी आणि हवा यांचा परस्परसंबंध

विषयप्रवेश

पावसाळ्यात चिवडा सादळतो, पापड मऊ पडतात आणि दाराची फळी फुगून चौकटीत अडकते. माघ-फाल्गुनात तीच फळी आकसते व दार सहज लागू लागते. कोकणपट्टीतील प्रत्येक घराचा हा अनुभव आहे. त्यामागील शास्त्रीय तत्त्व एकच आहे. वनस्पतिजन्य पदार्थ, मग तो लाकूड असो, धान्य असो अथवा वाळलेले पान असो, भोवतालच्या हवेशी पाण्याची सतत देवघेव करीत असतो. या देवघेवीचे एक बोधप्रद उदाहरण म्हणजे वाळून कोरडा झालेला चिरूट.

एखाद्या कुटुंबातील वडीलधारी व्यक्ती निवर्तल्यावर तिच्या कपाटात चिरुटांचा एखादा लाकडी डबा निघतो. तो अनेक वर्षे उघडला गेलेला नसतो. आतील चिरूट हलके झालेले असतात, बोटांत धरले तर करकरतात आणि त्यांचे वरचे पान ठिकठिकाणी तडकलेले असते. कोणी ते टाकून देण्यास सांगतो, कोणी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्यास सुचवितो. पहिल्या सल्ल्याने आठवणीची वस्तू जाते. दुसऱ्या सल्ल्यानेही ती जातेच, आणि पुष्कळदा अधिक लवकर जाते. असा चिरूट पुन्हा पूर्वस्थितीस आणता येतो काय, येत असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत आणि कोणत्या रीतीने, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. उदाहरणादाखल ठाणे शहरातील खोपट परिसराची हवा विचारात घेतली आहे. ओघाने हेही दिसून येईल की, पानातील पाण्याचा हा प्रश्न हौशी माणसाच्या डब्यापुरता मर्यादित नाही. तंबाखू पिकविणारा शेतकरी व ती हाताळणारी कामकरी स्त्री यांच्या जीवनाशीही तो निगडित आहे.

चिरुटाची घडण

तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे ती पश्चिम भारतात आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा अधिकारी असद बेग हा विजापूरच्या दरबारी गेला असता त्यास तंबाखू प्रथम तेथे आढळली व ती त्याने बादशहाकडे नेली, असे त्याच्याच वृत्तांतावरून समजते. दख्खनचा या वनस्पतीशी असलेला संबंध त्यामुळे उत्तर हिंदुस्थानापेक्षा जुना आहे. ‘चिरूट’ हा शब्द मात्र दक्षिणेकडून आला. तमिळ भाषेतील ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळलेली वस्तू, या शब्दाचे ते रूप होय. तिरुचिरापल्ली व दिंडिगल या भागांत चिरूट वळण्याचा उद्योग फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. 1947 साली राजमहेंद्री येथे केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाल्यावर तमिळ प्रदेशातील वेदसंदूर येथे चिरुटाच्या तंबाखूसाठी स्वतंत्र केंद्र काढण्यात आले.

चिरुटाचे तीन भाग असतात. आतील भागात दुमडून बसविलेली पाने असतात. त्यांस भरण म्हणता येईल. भरणाभोवती एक जाडसर पान गुंडाळून त्यास आकार देतात. ते बंधन होय. सर्वांत बाहेर एक अतिशय तलम, डागविरहित पान तिरकस वेढे देऊन बसवितात. ते वेष्टन होय. तिन्ही भाग तंबाखूच्याच पानांचे असले तरी त्यांची जाडी, शिरांची ठेवण व पाणी शोषण्याची गती सारखी नसते. हवेतील ओलाव्यात बदल होताच तलम वेष्टन प्रथम प्रतिसाद देते आणि भरण मागाहून. चिरूट तडकण्याचे मूळ या विषमतेत आहे. यंत्राने बनविलेल्या सिगारेटमध्ये बारीक कातरलेली तंबाखू कागदी नळीत सैल भरलेली असते. ती वाळली तर भुसभुशीत होते, पण तडकण्यासारखे तीत काही नसते.

येथे विडीची तुलना उद्बोधक ठरेल. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, गोंदिया या विडीउद्योगाच्या केंद्रांत वळण्यासाठी लागणारे तेंदूचे पान आधी पाण्यात भिजवून मऊ करतात, ओलसर असतानाच कातरतात व वळतात. मागाहून विड्या शेकून त्यांतील पाणी काढून टाकतात. म्हणजे विडी ओली वळावयाची व कोरडी विकावयाची असते. चिरुटाचे तसे नाही. तो वळून झाल्यावरही त्यात काही ओलावा अखेरपर्यंत राहावा लागतो. तेंदूचे पान पाण्यात बुडविले तरी चालते, कारण त्याचे काम केवळ आवरणाचे आहे. तंबाखूचे पान मात्र बुडविता येत नाही, कारण त्यातील विद्राव्य द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात, पानावर डाग उठतात आणि बुरशीस आमंत्रण मिळते.

पानातील पाणी

पानपट्टीवाला विड्याची पाने ओल्या फडक्यात झाकून ठेवतो, हे पाहून पुष्कळांचा असा समज होतो की चिरुटासही तोच उपाय लागू पडावा. या समजात एक मूलभूत चूक आहे. विड्याचे पान खुडल्यावरही काही दिवस जिवंत असते. त्याच्या पेशी पाण्याने तट्ट भरलेल्या असतात व ते पाणी टिकविणे एवढाच तेथे हेतू असतो. तंबाखूचे पान वाळविण्याच्या व आंबविण्याच्या क्रियेत मृत झालेले असते. त्याच्या पेशींत पाणी धरून ठेवण्याची जैविक शक्ती उरलेली नसते. जे पाणी त्यात असते ते केवळ भौतिक नियमांनी तेथे टिकलेले असते.

हे पाणी तीन प्रकारांनी राहते. काही थोडे पाणी पेशिभित्तिकेतील सेल्युलोज व पेक्टिन यांच्या रेणूंस घट्ट चिकटलेले असते; ते सहसा निघत नाही. त्यावर पाण्याचे आणखी थर सैलपणे बसतात. हवा कोरडी झाली की प्रथम ते जातात. हवा फार दमट झाली तर पानातील सूक्ष्म छिद्रांत केशाकर्षणाने पाणी साचू लागते. पानाची लवचिकता मुख्यतः मधल्या थरांवर अवलंबून असते. ते थर गेले की पान ठिसूळ होते. तिसऱ्या प्रकारचे पाणी वाढले की बुरशी वाढू लागते. चिरूट ‘सुस्थितीत’ असणे म्हणजे मधले थर भरलेले असणे व केशिका रिकाम्या असणे होय.

दिलेल्या तापमानास व दिलेल्या सापेक्ष आर्द्रतेस पानात किती पाणी राहील हे निश्चित असते. त्यास समतोल आर्द्रता म्हणतात. हवेची सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्के असता चिरुटाच्या वजनात पाण्याचा भाग सामान्यतः 12 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असतो. हवा बराच काळ 40 टक्क्यांच्या आसपास राहिली तर तो 8-9 टक्क्यांपर्यंत घसरतो.

या नियमास एक महत्त्वाची पुरवणी आहे. ओल्या स्थितीतून वाळत 65 टक्क्यांवर आलेले पान आणि कोरड्या स्थितीतून ओले होत 65 टक्क्यांवर पोहोचलेले पान, या दोहोंत पाण्याचे प्रमाण सारखे नसते. दुसऱ्यात ते थोडे कमी भरते. या गुणधर्मास शोषणविलंब म्हणता येईल. एकदा पूर्ण वाळलेला चिरूट त्याच डब्यात, त्याच हवेत ठेवला तरी तंतोतंत पूर्वीच्या वजनास येत नाही तो यामुळे. वस्तूच्या पूर्वेतिहासाची खूण तिच्या वजनात राहून जाते, असेच म्हणावे लागेल.

हवेची दुहेरी चाल

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेतील बाष्प व त्या तापमानास हवा धारण करू शकेल असे अधिकतम बाष्प यांचे गुणोत्तर. 20 अंश सेल्सियस तापमानास एक घनमीटर हवा सुमारे 17 ग्रॅम बाष्प धारण करते, तर 30 अंशांस सुमारे 30 ग्रॅम. म्हणून पहाटे 20 अंशांस 70 टक्के आर्द्र असलेली हवा, तीत पाण्याचा थेंबही न घालता वा न काढता, दुपारी 30 अंशांपर्यंत तापली तर तिची सापेक्ष आर्द्रता 39 टक्क्यांच्या आसपास येते. हवेतील पाणी तेवढेच राहिले, परंतु तिची तहान वाढली.

बंद डब्यात याहून निराळे घडते. दहा लिटरांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-दहा ग्रॅमांचे 25 चिरूट सुस्थितीत ठेवले आहेत असे समजू. त्या चिरुटांत तीस ग्रॅमांहून अधिक पाणी असते, तर डब्यातील हवेत एक ग्रॅमचा जेमतेम पाचवा हिस्सा. डबा तापला तर हवेची वाढलेली तहान भागविण्यास चिरुटांतील पाण्याचा अगदी अल्प अंश पुरतो. त्यामुळे आतील सापेक्ष आर्द्रता जवळजवळ स्थिर राहते. सारांश, घट्ट बंद डब्यात हवा चिरुटास वाळवीत नाही. उलट चिरूटच हवेचे नियमन करतात. वर्षानुवर्षे चिरूट वाळतात ते डब्याच्या सांध्यांतून हळूहळू होणाऱ्या गळतीमुळे. दोन्ही टोके कापलेल्या दक्षिणी पद्धतीच्या चिरुटात ही झीज दोहों बाजूंनी होते.

खोपट परिसरातील परिस्थिती

एस.टी.च्या स्थानकामुळे परिचित असलेला खोपट हा ठाणे शहराच्या पश्चिम भागातील दाट वस्तीचा परिसर आहे. शहराच्या एका अंगास खाडी व दुसऱ्या अंगास येऊरचे डोंगर असून मध्ये अनेक तलाव आहेत. अशा ठिकाणी वस्तू वाळण्याचा प्रश्न उद्भवू नये असे सकृद्दर्शनी वाटते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सापेक्ष आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर असते. चामड्याची पायताणे, पुस्तकांच्या बांधण्या व छायाचित्रकाराची भिंगे या काळात बुरसतात. परंतु डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमिनीवरून वाहणारे वारे कोरडे असतात व दुपारची आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास, प्रसंगी त्याहूनही खाली येते. म्हणजे उघड्यावरचा चिरूट येथे वर्षातून एकदा फुगतो व एकदा आकसतो. सतत कोरड्या प्रदेशात तो एकदाच वाळून निपचित पडतो. येथे मात्र त्याचे वेष्टन दरवर्षी ताणले जाते व शेवटी फाटते.

यात अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली आहे. ‘खोपट’ या शब्दाचा अर्थच मुळी गवताकुडाची झोपडी असा आहे. तशा घराच्या भिंती स्वतः ओलावा शोषीत व सोडीत, त्यामुळे आतील हवेचे चढउतार काहीसे सौम्य होत. सिमेंटच्या इमारतीतील वातानुकूलित खोलीत ही सोय नाही. वातानुकूलन यंत्र थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे द्रवीभवन करून ते पाण्याच्या रूपाने बाहेर टाकते. भर पावसाळ्यात बाहेर सर्व काही सादळत असताना अशा खोलीतील डबा वाळत असतो, आणि रात्री यंत्र बंद होताच पुन्हा ओलावा ओढू लागतो. जे पूर्वी वर्षातून एकदा घडत असे ते आता दिवसातून एकदा घडते.

घाई का नडते

वाळलेल्या चिरुटास किती पाणी द्यावे लागते, याचा हिशोब सोपा आहे. 25 चिरुटांचे आजचे वजन 250 ग्रॅम व त्यांतील पाणी 8 टक्के धरल्यास शुष्क द्रव्य 230 ग्रॅम होते. पाणी 13 टक्क्यांवर न्यावयाचे तर एकूण वजन सुमारे 264 ग्रॅम व्हावयास हवे. म्हणजे भर घालावयाची ती अवघ्या 14 ग्रॅमांची, चहाचे तीन चमचे पाण्याहूनही कमी. एवढे पाणी शिंपडून एका क्षणात देता येईल, मग आठवडे कशासाठी घालवावयाचे, असा प्रश्न स्वाभाविक आहे.

त्याचे पहिले उत्तर असे की, पाणी बाष्परूपानेच द्यावयाचे असल्याने ते हवेतून वाहून न्यावे लागते; आणि वर सांगितल्याप्रमाणे दहा लिटर हवेत 30 अंश तापमानास व 65 टक्के आर्द्रतेस एका वेळी केवळ 0.2 ग्रॅम पाणी असते. 14 ग्रॅम पाणी पोहोचवावयाचे तर डब्यातील हवेने आपला बाष्पाचा भार सुमारे सत्तर वेळा उतरवून पुन्हा उचलला पाहिजे. दुसरे उत्तर चिरुटाच्या अंतर्भागात आहे. बाष्प पानांच्या थरांतून विसरणाने आत जाते, आणि विसरणास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट जाड चिरुटास दुप्पट नव्हे, तर चौपट वेळ लागतो.

या काळात बाहेरील थर ओले व आतील कोरडे अशी विषम अवस्था राहते. आर्द्रतेची पायरी मोठी घेतली तर वेष्टन फुगून सुरकुतते. उघड्या टोकाकडील भरण अगोदर फुगते व त्या ठिकाणी वेष्टनास आतून फाडते. पायरी लहान घेतली तर ताण सहन करण्याइतका राहतो. म्हणून संथपणा हा येथे केवळ सावधगिरीचा भाग नसून पद्धतीचे अंगच आहे.

पुनरार्द्रीकरणाची रीत

प्रथम परीक्षण करावे. वेष्टनावर टाचणीच्या टोकाएवढी भोके असल्यास ती किडीची खूण होय. पांढरा, निळसर वा हिरवट केसाळ थर असल्यास ती बुरशी असून असा चिरूट सुधारण्याच्या भानगडीत न पडता बाजूस काढावा. पांढऱ्या थरास कोणी तेलांचा फुलोरा समजतात. परंतु शंका असल्यास ती बुरशीच मानणे श्रेयस्कर.

यानंतर प्रत्येक चिरुटाचे अथवा सर्वांचे मिळून वजन घेऊन टिपून ठेवावे. सराफाकडील धर्तीचा लहान तराजू यास पुरेसा आहे. बोटाने दाबून पाहण्याची चाचणी प्रचलित असली तरी ठिसूळ झालेल्या वेष्टनास तीच घातक ठरते. वजन मात्र काहीही न मोडता खरी स्थिती सांगते.

आर्द्रतामापक वापरावयाचा असल्यास तो आधी तपासून घ्यावा. त्याची कसोटी स्वयंपाकघरातच उपलब्ध आहे. वाटीत मीठ घेऊन त्यात ते विरघळून न जाता चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि ती वाटी व मापक घट्ट बंद डब्यात एक दिवस ठेवावेत. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील हवेची आर्द्रता 75 टक्के असते व साधारण तापमानात ती फारशी बदलत नाही. मापक जितका फरक दाखवील तितकी त्याची चूक समजावी.

याच तत्त्वावर पुनरार्द्रीकरणाची पद्धत आधारलेली आहे. प्रत्येक क्षाराचे संपृक्त द्रावण आपल्यावरील हवेत एक ठरावीक आर्द्रता राखते. हवा कोरडी झाली तर ते बाष्प सोडते, दमट झाली तर शोषून घेते. 25 अंश तापमानास मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे 33 टक्के, पोटॅशियम कार्बोनेट 43, सोडियम ब्रोमाइड 58 आणि पोटॅशियम आयोडाइड 69 टक्के आर्द्रता राखतात. प्रयोगशाळेत सोडियम ब्रोमाइडच्या बंद पात्रात दोन-तीन आठवडे व नंतर पोटॅशियम आयोडाइडच्या पात्रात वजन स्थिर होईपर्यंत, अशी दोन पायऱ्यांची चढण घेता येते. द्रावणाचा स्पर्श अथवा शिंतोडा चिरुटास होता कामा नये. घरगुती वापरासाठी याच तत्त्वावरील तयार पुड्या मिळतात. त्यांच्या बाष्पपारगम्य आवरणात क्षारद्रावण भरलेले असते व त्यांवर 62, 65, 69 असे आकडे छापलेले असतात. साधे पाणी भिजविलेल्या स्पंजातून द्यावयाचे झाल्यास ते ऊर्ध्वपातित असावे व स्पंज नीट पिळलेला असावा. शुद्ध पाणी कोठेही थांबत नाही. ते डब्यातील हवा 100 टक्क्यांकडे ओढीत राहते. सफरचंदाची वा बटाट्याची फोड ठेवण्याचा उपाय याच दोषामुळे त्याज्य ठरतो. शिवाय ती फोड स्वतः कुजून बुरशीचे बीज पुरविते.

पाश्चात्त्य ग्रंथांत 20 अंश सेल्सियस व 70 टक्के हे प्रमाण सांगितलेले आढळते. ठाण्यासारख्या ठिकाणी घरातील तापमान वर्षातील बहुतेक काळ याहून बरेच अधिक असते आणि उष्णतेत बुरशी व कीड दोन्ही जोमाने वाढतात. म्हणून येथे 62 ते 65 टक्क्यांवर थांबणे शहाणपणाचे होय. डबा कपाटाच्या खालच्या खणात, उन्हापासून व भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावा. चार-पाच दिवसांनी चिरूट पाव वळसा फिरवून ठेवावेत व आठवड्यातून एकदा वजन करावे. वजन वाढत आहे तोवर क्रिया चालू आहे. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच राहिले की समतोल साधला असे मानावे. यास एक ते तीन महिने लागू शकतात.

डब्याच्या लाकडासंबंधी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. चिरुटांच्या पेट्यांसाठी अमेरिकेत ‘स्पॅनिश सिडार’ या नावाने ओळखले जाणारे लाकूड वापरतात. नावात सिडार असले तरी तो देवदार वर्गातील वृक्ष नसून निंबकुलातील आहे. आपल्याकडील तूण हा त्याचा निकटचा आप्त असून पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास त्याच प्रजातीत गणीत. तुणीच्या लाकडाच्याही चिरूटपेट्या करीत असत. हे लाकूड हलके, सुवासिक व ओलावा शोषणारे असल्याने डब्यातील चढउतार सौम्य करते.

कीड

तंबाखूचा भुंगेरा हा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा तांबूस तपकिरी कीटक आहे. हळद, धने, सुकी मिरची यांतही तो सापडतो व गृहिणींस परिचित असतो. त्याची अंडी डोळ्यांस दिसत नाहीत. पाने कोरडी व थंड असेतोवर वाढ मंदावलेली असते. ऊब व ओलावा मिळताच ती पुन्हा सुरू होते. म्हणजे पुनरार्द्रीकरण हे चिरुटाबरोबर किडीचेही पुनरुज्जीवन ठरू शकते. यास्तव संशय असल्यास ओलावा देण्यापूर्वीच चिरूट हवाबंद पिशवीत घालून एक दिवस शीतकपाटाच्या साध्या कप्प्यात, तीन-चार दिवस उणे 18 अंशांच्या कप्प्यात व पुन्हा एक दिवस साध्या कप्प्यात ठेवावेत. पिशवी खोलीच्या तापमानास आल्यावरच उघडावी. अन्यथा थंड पानावर दव साचते.

काय परत येते, काय येत नाही

वरील रीतीने पाणी परत येते व त्याबरोबर लवचिकता परत येते. ज्वलनही सुधारते. कोरड्या चिरुटात उष्णता शोषून घेण्यास पाणी नसल्याने तो भराभर व तप्त जळतो आणि धूर तिखट होतो. फार ओल्या चिरुटात हवा खेचली जात नाही व तो वारंवार विझतो. या दोन टोकांमधील अवस्था पुन्हा साधता येते.

तंबाखूचा वास मात्र पाण्याने आलेला नसतो. पान आंबविताना निर्माण झालेली बाष्पनशील तेले व इतर सुगंधी द्रव्ये त्यास कारण असतात. अनेक वर्षांच्या वाळण्यात पाण्याबरोबर ती द्रव्येही उडून गेलेली असतात. पाणी बाहेरून देता येते. ती द्रव्ये देता येत नाहीत. तडकलेले वेष्टन मऊ होते, परंतु सांधले जात नाही. जो चिरूट काही महिनेच वाळला असेल तो जवळपास पूर्ववत होतो. जो दशके वाळला असेल तो केवळ हाताळण्याजोगा होतो.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सुस्थितीत आणलेला चिरूट कमी अपायकारक असतो, असे मुळीच नाही. चिरुटाचा धूर आम्लधर्मी नसून बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न ओढताही निकोटीन तोंडाच्या अंतस्त्वचेतून शोषले जाते. मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी चिरुटाचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला आहे. वडिलांचा डबा सुस्थितीत ठेवणे व त्यातील चिरूट ओढणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीसाठी दुसरीची गरज नाही.

प्रश्नाचे व्यापक स्वरूप

ज्या नियमाने डब्यातील चिरूट वाळतो, त्याच नियमाने शेतातील तंबाखूही वाळते. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हा विडीच्या तंबाखूचा प्रसिद्ध मुलूख. उन्हात वाळलेले पान दिवसा हाती धरले तर त्याचा चुरा होतो. पहाटेच्या दवाने ते मऊ पडते तेव्हाच गोळा करून रचावे लागते. शेतकऱ्यास सापेक्ष आर्द्रता हा शब्द ठाऊक नसेल, परंतु तिचे माप त्याच्या बोटांत असते.

तंबाखू वजनावर विकली जाते. 20 टक्के पाणी असलेल्या शंभर किलो मालात शुष्क द्रव्य 80 किलो असते. तोच माल 12 टक्क्यांपर्यंत वाळला तर तराजूवर 91 किलोही भरत नाही. द्रव्य एक कणही कमी झाले नाही, तरी नऊ किलोंचा भाव गेला. उलटपक्षी ओला माल घेणाऱ्याची फसगत होते. खरेदीदार व उत्पादक यांच्यातील अविश्वासास असे एक भौतिक कारणही आहे, आणि पाण्याचे प्रमाण मोजून शुष्क द्रव्यावर भाव ठरविणे हाच त्यावरील न्याय्य उपाय होय. 1981 साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी शेतकरी संघटनेच्या झेंड्याखाली रास्त भावासाठी महामार्ग अडवून धरला होता. त्या मागणीची कारणे अर्थातच ओलाव्याच्या हिशोबाहून पुष्कळ मोठी होती. तथापि ज्याचे वर्षाचे उत्पन्न तराजूच्या एका काट्यावर अवलंबून असते, त्याच्या दृष्टीने पानातील पाणी ही क्षुल्लक बाब नव्हे.

तिसरा पक्ष वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या स्त्रियांचा. अतिशय कोरडे पान हाताळताना मोडते व त्याची उग्र धूळ उडते. ती डोळ्यांत, नाकात व श्वासमार्गात जाते. पान योग्य ओलाव्यावर हाताळले तर ही धूळ बरीच कमी होते. चिरुटाच्या बाबतीत ज्या 12 ते 15 टक्के पाण्याने एक शौकाची वस्तू टिकते, तशाच ओलाव्याने वखारीत एका माणसाची छाती वाचू शकते. माल ओला झाल्यास वजनाचा वाद उद्भवतो व कोरडा ठेवल्यास धूळ वाढते, या पेचात आजवर बहुधा धुळीचाच पक्ष दुर्बळ ठरत आला आहे.

उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे. वाळलेला चिरूट पूर्वस्थितीस आणणे म्हणजे त्यास भिजविणे नव्हे, तर त्याच्याभोवती योग्य हवा निर्माण करून ती दीर्घकाळ स्थिर ठेवणे होय. पाणी किती द्यावे हे क्षाराच्या द्रावणावर सोपवावे, किती दिवस द्यावे हे तराजूस विचारावे. खोपट परिसरासारख्या उष्ण-दमट हवेत 62 ते 65 टक्के ही मर्यादा ओलांडू नये. गेलेला सुगंध परत येईल अशी अपेक्षा बाळगू नये. एवढे केल्यास कपाटात सापडलेल्या डब्यातील चिरूट न मोडता, न बुरसता आणखी एका पिढीच्या हाती देता येतील. ते पेटविले जाणार नाहीत हे उत्तम. परंतु ज्याने ते जपून ठेवले त्याच्या हाताची ठेवण त्यांवर तशीच राहील.